वरातीमागून आलेलं घोडं

मायक्रोसॉफ्ट कंपनीस,

२०२१च्या नोव्हेंबरात तुम्ही एज ब्राउझर लिनक्सवर रीतसर आणलात. मला त्याचा आनंद झालेला नाही, आणि का झाला नाही ते तोंडावर सांगायचं आहे. आमचं तुमच्या ब्राउझरवाचून अडत होतं, तेव्हा तुम्ही फिरकलाही नाहीत. आणि ते अडणंही तुम्हीच घडवून आणलं होतं.

मराठी वर्तमानपत्रं इंटरनेटवर आली तेव्हा युनिकोड रुळलं नव्हतं. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. तो वाचकाच्या संगणकावर आपोआप उतरावा म्हणून अनेकांनी तुमचं डायनॅमिक फॉन्टचं तंत्र घेतलं. ते चालायचं तुमच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. लिनक्सवर तेच पान उघडलं की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हांची रांग दिसे. घरात लिनक्स असलेल्या मराठी माणसाला मराठी बातमी वाचायची चोरी!

त्याच सुमारास जुहू आणि खारघरला काम चालणाऱ्या एनसीएसटीत, म्हणजे आजच्या सी-डॅक मुंबईत, इंडिक्स प्रकल्पाची मंडळी लिनक्सच्या पडद्यावर देवनागरी नीट उमटावी म्हणून राबत होती. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसली पाहिजे, रफार योग्य अक्षरावर बसला पाहिजे, जोडाक्षर फुटता कामा नये, असलं किचकट काम. आणि तुमचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर २००१ मध्ये काय म्हणाले? लिनक्स हा कर्करोग आहे.

जमत नव्हतं ही सबब सांगू नका. सोलारिस आणि एचपी-यूएक्स या युनिक्सच्या दोन प्रणालींसाठी तुम्ही एक्सप्लोरर काढला होता. लिनक्ससाठी काढला नाहीत, कारण काढायचा नव्हता.

मग सरकारी कामं ऑनलाइन गेली. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एखाद्या गाळेवाल्याने पैसे वाचवायला ऑफिसात लिनक्स टाकायचं, बिलं आणि ईमेल सुरळीत चालायचे, आणि ई-निविदा भरायची वेळ आली की घोडं पेंड खायचं. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावलेला, दर भरलेले, मुदत संपत आलेली; पण सहीचं बटण दाबलं तरी ढिम्म. अनेक पोर्टलांवर त्या बटणामागे तुमचं अ‍ॅक्टिव्हएक्स हे तंत्र असायचं. ते चालायचं विंडोजवरच्या एक्सप्लोररमध्ये. एका सहीपायी विंडोजचा परवाना घ्या! दक्षिण कोरियाने तर बँका आणि ऑनलाइन खरेदीसुद्धा या अ‍ॅक्टिव्हएक्सच्या दावणीला बांधली आणि ती सोडवता सोडवता त्या देशाची वर्षानुवर्षं गेली. पोर्टल बांधणारे दोषी आहेतच. पण हे कुलूप घडवलं तुम्ही.

जून २०२२ मध्ये तुम्ही एक्सप्लोरर निवृत्त केलात. त्याच्यावर अडकलेल्या साइट्ससाठी एजमध्ये आयई मोड ठेवलात आणि तो किमान २०२९ पर्यंत चालवण्याचं जाहीर केलंत. लिनक्सवरच्या एजमध्ये मात्र हा मोड नाही. ज्या एका कामासाठी आमचं तुमच्यावाचून अडत होतं, नेमकं तेवढंच वगळून बाकीचं सगळं घेऊन आलात.

आणि आणलंत ते तरी कुणाचं? एजचं इंजिन गूगलच्या क्रोमियममधलं ब्लिंक. ब्लिंक निघालं अ‍ॅपलच्या वेबकिटमधून, वेबकिट निघालं केडीईच्या केएचटीएमएलमधून. लिनक्स वापरणाऱ्यांना चांगला डेस्कटॉप मिळावा म्हणून ज्या मंडळींनी केडीई उभं केलं, त्यांची ही मेहनत. तिच्यावर तुम्ही आपला शिक्का मारलात, आपला भाग कुलूपबंद ठेवलात आणि ते गाठोडं त्यांच्याच अंगणात विकायला आणलंत. याला मी मैत्री म्हणणार नाही.

माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली: चक्रा या तुमच्या जावास्क्रिप्ट इंजिनाचा गाभा तुम्ही २०१६ मध्ये खुला केला होतात. तसाच एक्सप्लोररच्या ट्रायडंट इंजिनाचा कोडही खुला करा. तुम्ही निवृत्त केलेल्या गोष्टीत लपवण्यासारखं काय उरलंय? जुन्या पोर्टलांची गाठ कशी सोडवायची ते लिनक्सवाले बघून घेतील.

दुसरी: लिनक्सवर तुमचा एज नको असेल तर एका ओळीच्या आज्ञेने काढून टाकता येतो. विंडोजवर तो सरळ मार्गाने काढायची सोय तुम्ही २०२४ मध्ये युरोपातल्या ग्राहकांना दिलीत, तीही तिथल्या कायद्याने भाग पाडलं म्हणून. तीच सोय वाशीतल्या, नेरुळमधल्या विंडोजच्या ग्राहकालाही द्या. पैसे त्यानेही मोजलेले आहेत.

नवी मुंबईतला एक लिनक्सवाला