थांब, आता येईल बघ!

असं म्हणत गाणं ऐकवणारा एक तुमच्या ओळखीत असणारच. नसला तर ठाण्याच्या टेंभी नाक्याला या आणि आमचे दादा घेऊन जा.

एकट्याने गाणं ऐकणं हा दादांच्या लेखी गुन्हा. इयरफोनचं एक टोक त्यांच्या कानात, दुसरं सदऱ्याला पुसून आपल्या. मग तर्जनी वर. ‘‘थांब, आता येईल बघ!’’ येणार असते ती एक जागा. ती आली की दादा ‘‘हीच! हीच!’’ असे काही ओरडतात की आजवर ती त्यांच्याशिवाय कुणालाही ऐकू आलेली नाही.

त्याआधी प्रस्तावना असतेच. ‘‘गळा लताबाईंचा, चाल वसंत प्रभूंची, पण शब्द? ठाण्याचे!’’ गीतकार पी. सावळाराम ठाण्याचे नगराध्यक्षही होते, हे दादा अशा थाटात सांगतात की मतं यांनीच मोजली असावीत. जुनी तबकडी तीन मिनिटांची. भाषण तिच्या तिप्पट. तेवढ्यात चहा आला तर संपलंच. १९३९ च्या ‘माणूस’मधला चहावाला पोऱ्या म्हणजे पुढे ठाणेकर झालेले पंडित राम मराठे, हे सांगून होईपर्यंत आपला चहा गार.

राम मराठ्यांच्याच नावाच्या महोत्सवात, गडकरी रंगायतनमध्ये, गायक समेकडे निघाला आणि दादांची तर्जनी उठली. मागून आवाज आला, ‘‘अहो, बोट घ्या खाली, तबलजी दिसत नाही!’’ नवरात्रात तर कहर. नाक्यावर देवीच्या दर्शनाची रांग, कर्णे, ढोल, आणि त्यात दादांनी फोन माझ्या कानाला लावला. मी आपली मान डोलावली. ‘‘अजून सुरू नाही केलं,’’ दादा म्हणाले.

आता आमचा फोनवर रसिकांचा गट आहे. सकाळपासून गाणी येऊन पडतात आणि सहा मिनिटांच्या ठुमरीला चौथ्या सेकंदाला अंगठा मिळतो. अंगठेबहाद्दर सगळे! रात्री दादांचा मात्र फोन येतो, ‘‘तू पाठवलेलं ऐकलं रे. दुसऱ्या अंतऱ्यात पेटीवाला जरा घुटमळलाय, नाही?’’ पाठवणाऱ्याने ते ऐकलेलंच नसतं. अख्ख्या गटात शेवटपर्यंत ऐकणारा माणूस हा एकच, हे कबूल करायला जिवावर येतं, पण आहे खरं.

तेव्हा नाक्यावर कुणाची तर्जनी वर दिसली तर थांबा. गाणं तीनच मिनिटांचं असतं. चहा मात्र आधी पिऊन घ्या.