माझ्यातलं गिऱ्हाईक

अमेरिकेहून आलेला नातेवाईक बॅग उघडतो तेव्हा घरातली मंडळी वस्तूंकडे बघतात आणि मी कॉलरीकडे बघतो. 'खास तुमच्यासाठी' म्हणून हातात ठेवलेल्या टी-शर्टाच्या मानेशी एक चिंधी शिवलेली असते. तिच्यावर बांगलादेश, व्हिएतनाम, होंडुरास, नाहीतर चक्क भारत असं लिहिलेलं असतं. तिरुपूरला शिवलेला शर्ट समुद्र ओलांडून न्यू जर्सीला जातो, तिथल्या सेलमध्ये कुणाच्या तरी हाती लागतो आणि तेवीस किलोंच्या मर्यादेत बसून पुन्हा पुण्यात उतरतो. एवढा प्रवास आमच्या घराण्यात कुणी केलेला नाही. देणाऱ्याचा हिरमोड नको म्हणून आपण चिंधी आत दुमडतो आणि "तिकडचं कापडच वेगळं" असं म्हणून घेतो.

मला खरं कुतूहल असतं ते किमतीचं. 'पाच डॉलरला पडला' हे वाक्य दबक्या आवाजात का होईना, कधीतरी कानावर येतंच. ते खोटं नसतं. अमेरिकी सरकारच्या महागाई निर्देशांकाप्रमाणे १९९३ ते २०२३ या तीस वर्षांत तिथल्या एकूण किमती दुपटीच्या वर गेल्या आणि कपड्यांचा निर्देशांक मात्र जवळपास होता तिथेच बसून राहिला. तीस वर्षं भाव न वाढवणारा दुकानदार आपल्या लक्ष्मी रोडवर निघाला असता तर लोकांनी त्याच्या नावाची पाटी चौकात लावली असती. पण ही किमया दुकानदाराची नव्हती. १९९० च्या सुमारास अमेरिकेत कपडे शिवण्याच्या धंद्यात नऊ लाखांच्या घरात माणसं होती. आज ती एक लाखाच्याही आत आली आहेत. शर्टाचा भाव जागेवर राहिला, कारण शिवणारी माणसं जागेवर राहिली नाहीत.

लीव्हाइसचं उदाहरण घ्या. रिव्हेट ठोकलेल्या पँटचं पेटंट १८७३ चं. खाणीत, रानात राबणाऱ्या मजुरांसाठी केलेली ही पँट पुढे राबण्याशी संबंध नसलेल्या समस्त तरुणवर्गाचा गणवेश झाली. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरातला या कंपनीचा एक कारखाना १९९० मध्ये बंद झाला आणि काम कोस्टा रिकाला गेलं. अकराशेहून अधिक कामगार एका फटक्यात घरी बसले. त्यांतल्या बहुतेक मेक्सिकन वंशाच्या बाया होत्या. त्यांनी 'फुएर्सा उनिदा' नावाची संघटना काढली, निदर्शनं केली, कोर्टाची पायरीही चढल्या आणि तिथे हरल्या. २००४ साल उजाडेपर्यंत याच शहरात कंपनीचा अमेरिकेतला स्वतःचा शेवटचा शिवणकारखानाही बंद झाला होता. जीन्स मात्र त्यानंतर निम्म्या किमतीत मिळू लागली, असं काही कुणाला आठवत नाही.

इथे माझ्या आत बिऱ्हाड करून राहिलेल्या दोघांचं भांडण सुरू होतं. एक आहे गिऱ्हाईक आणि दुसरा नोकरदार. शनिवारी मंडईत, दुकानात, मोबाइलवरच्या सेलमध्ये गिऱ्हाइकाचं राज्य असतं. त्याला कोथिंबिरीच्या जुडीपासून टीव्हीपर्यंत सगळं आणखी थोडं स्वस्त हवं असतं. सोमवारी सकाळी नोकरदार जागा होतो. त्याला पगारवाढ हवी असते, आठ तासांचे आठच तास हवे असतात आणि साहेबाने आपल्या खुर्चीकडे विचारमग्न होऊन बघू नये एवढीच त्याची देवाकडे प्रार्थना असते. दोघांचं पोट एकच, खिसा एकच. पण गिऱ्हाइकाने मिळवलेल्या प्रत्येक सवलतीमागे कुठला तरी नोकरदार उभा असतो, याचा दोघांनाही सोयीस्कर विसर पडलेला असतो.

गिऱ्हाईक म्हणतं, "बाबा रे, माझ्यामुळे कोट्यवधी लोकांना स्वस्त कपडे मिळाले. गरिबाच्या पोराच्या अंगावर नवा शर्ट आला." हे खरं आहे. नोकरदार म्हणतो, "कोट्यवधींचे प्रत्येकी दोन-चार डॉलर वाचले आणि अकराशे बायांचा सबंध पगार गेला." हेही खरं आहे. फायदा असा पातळ पसरतो की कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तोटा एका गावात, एका गल्लीत, एका चुलीपाशी साचतो. दोन डॉलर वाचले म्हणून आजवर कुणी पेढे वाटल्याचं ऐकिवात नाही. नोकरी गेलेली बाई मात्र त्या दिवसाची तारीख जन्मभर विसरत नाही.

शिवाय वाचलेले सगळे पैसे गिऱ्हाइकाच्या पदरात पडतात, हाही एक गोड समज आहे. २०१० सालच्या आयफोन ४ चा हिशेब तीन अमेरिकी संशोधकांनी मांडला होता. विक्रीच्या किमतीत चीनमधल्या मजुरीचा वाटा निघाला १.८ टक्के आणि ॲपलच्या नफ्याचा ५८.५ टक्के. म्हणजे चिनी कामगारांची मजुरी उद्या दुप्पट केली असती तरी फोन फारसा महागला नसता, आणि ती शून्यावर आणली असती तरी फारसा स्वस्त झाला नसता. एकंदर नियम साधा दिसतो. जिथे दहा दुकानं एकाच गिऱ्हाइकासाठी हमरीतुमरीवर येतात तिथे वाचलेले पैसे गिऱ्हाइकाला मिळतात. जिथे लोक नावासाठी रात्रभर रांगा लावतात तिथे ते नावाच्या मालकाला मिळतात. निनावी बनियन स्वस्त होते. नाव छापलेली होत नाही.

आता पगाराचं बघू. बाहेरून वाटतं की ज्याची नोकरी गेली त्याचं नुकसान झालं, उरलेले वाचले. पण मालकाला नोकरी खरोखर परदेशी धाडावी लागतेच असं नाही. टेबलावर नकाशा उघडून ठेवला तरी पुष्कळदा काम भागतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या केट ब्रॉनफेनब्रेनर यांनी नव्वदच्या दशकात कामगार संघटना उभारण्याच्या मोहिमांचा अभ्यास केला. त्यांत निम्म्या किंवा त्याहून जास्त मालकांनी 'कारखाना बंद करू, हलवू' असा धाक घातल्याचं त्यांना आढळलं. असा धाक डोक्यावर असताना पगारवाढ मागायला गेलेला माणूस 'चहा घेणार का' एवढंच विचारून परत येतो.

तोट्याचा शिंतोडा शेजारीही उडतो. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० ते २००७ या काळातल्या चिनी मालाच्या आयातीचा अमेरिकी गावांवर झालेला परिणाम तपासला. ज्या भागांवर या मालाचा मारा जास्त होता तिथे कारखान्यातल्या नोकऱ्या तर गेल्याच, पण पगार घसरले ते मुख्यतः कारखान्याबाहेरच्या कामांतले. यात नवल नाही. कारखाना सुटलेला माणूस पेट्रोल पंपावर, खानावळीत, दुकानात काम मागू लागतो आणि कामाला रांग लागली की मजुरी आपोआप खाली बसते. ज्या वेटरने आयुष्यात कधी मशीनला हात लावला नाही, त्यालाही मशीन गेल्याचा भुर्दंड पडतो.

अर्थशास्त्रज्ञ या प्रश्नावर भांडले नसते तरच आश्चर्य. २००४ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष बुश यांचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅन्क्यू यांनी सांगून टाकलं की बाहेरून काम करून घेणं हा व्यापाराचाच एक नवा प्रकार आहे आणि लांबच्या पल्ल्यात तो देशाच्या भल्याचा आहे. निवडणुकीचं वर्ष होतं. विरोधकांनी तर झोडपलंच, स्वपक्षानेही झोडपलं. त्याच वर्षी नव्वदीच्या उंबरठ्यावर असलेल्या पॉल सॅम्युअलसन यांनी एक लेख लिहून जाणवून दिलं की असा फायदा दर वेळी होतोच असं समीकरण कुठेही लिहिलेलं नाही. मॅन्क्यू गिऱ्हाइकाचे वकील, सॅम्युअलसन नोकरदाराचे, आणि दोघांचीही प्राध्यापकी शाबूत!

अर्थशास्त्रज्ञ ॲलन ब्लाइंडर यांनी २००६ मध्ये निराळीच रेघ ओढली. त्यांचं म्हणणं असं की नोकरी टिकेल की नाही हे शिक्षणावरून ठरणार नाही, ते काम तारेतून पाठवता येतं की नाही यावरून ठरेल. एक्स-रेचा अहवाल रातोरात समुद्रापलीकडून लिहून येऊ शकतो, पण माझे केस मनिलाहून कापता येत नाहीत. मुलाला इंजिनिअर करण्यासाठी क्लासला लाखभर रुपये भरलेल्या आमच्या पिढीने हे आधी ऐकलं असतं तर कात्रीचा क्लास निदान सुट्टीत तरी लावला असता. अमेरिकेत कपडे स्वस्त आणि केस कापणं महाग, याचं गमक इथेच आहे. आपल्या लोकांनी त्यावरही तोड काढली आहे. काम भारतात पाठवता येत नाही ना, मग डोकं भारतात आणायचं! सुट्टीवर आलेले भाचे-पुतणे पहिल्या आठवड्यात केस कापून घेतात, दुसऱ्यात दात भरून घेतात आणि जाताना दोन चष्मे करून नेतात.

तिकडून सुटलेलं काम पुण्यात पोचलं तेव्हाचे दिवसही पुष्कळांना आठवत असतील. समीर रात्री सॅम व्हायचा आणि ओहायोतल्या आजींना त्यांचं क्रेडिट कार्डाचं बिल समजावून सांगायचा. थँक्सगिव्हिंगला त्याला उसंत मिळायची, गणपतीला मिळायची नाही. अमेरिकेतली घड्याळं उन्हाळ्यात तासभर पुढे सरकली की कोथरूडमधल्या आईला डबा तासभर आधी करावा लागायचा. सॉफ्टवेअरवाल्यांची तर बातच वेगळी. वडील बँकेत पस्तीस वर्षं घासून ज्या पगारावर पोचले, तिथून चिरंजीवांनी सुरुवात केली. सॅन अँटोनियोत जे उतरलं ते हिंजवडीत चढलं, आणि ज्या घरांत पहिल्यांदाच फ्रिज आला त्यांना या साऱ्याबद्दल खंत वाटावी, अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही.

भाव मात्र इथे उलटे फिरले. तिकडे बनियन स्वस्त झाली आणि इकडे वाकड, बाणेर, हिंजवडीतला गुंठा सोन्याच्या भावाला गेला. पगार डॉलरच्या आशीर्वादाने वाढलेल्याला ते भाडं परवडलं. शेजारच्या शाळामास्तरांचा पगार मात्र रुपयातच होता आणि घरमालक दोघांचा एकच.

पुढे जे व्हायचं तेच झालं. २०१० च्या आसपास फोनवर बोलण्याच्या धंद्यात फिलिपिन्सने भारताला मागे टाकलं आणि सॅमचं काम मनिलातल्या दुसऱ्या सॅमकडे गेलं. बड्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नव्या इंजिनिअरची सुरुवात दहा-बारा वर्षांपूर्वी वर्षाला सव्वातीन-साडेतीन लाखांच्या आसपास होत असे. आजही सर्वसाधारण भरतीत ती त्याच आकड्याभोवती घुटमळते आहे. मेसचा डबा आणि पीजीचं भाडं मात्र कुठेही घुटमळलेलं नाही. अमेरिकी कपड्यांचा भाव तीस वर्षं हलला नाही, तसा आमच्या पोरांचा पगारही हलेना. त्यांचं काम विकत घेणारं गिऱ्हाईकही कुठेतरी बसलंय आणि त्यालाही सगळं आणखी थोडं स्वस्त हवंय.

काम परदेशी जाऊच नये म्हणून दारं बंद करावीत, असं मला म्हणायचं नाही. दारं बंद केली असती तर पुण्यातल्या निम्म्या सोसायट्यांचा पायाही खणला गेला नसता. माझं म्हणणं एवढंच की ज्या व्यवहारात फायदा सगळ्यांचा आणि तोटा मोजक्यांचा, तिथे सगळ्यांनी थोडं थोडं काढून मोजक्यांना सावरावं. हा विचार नवा नाही. केनेडी यांच्या काळात, १९६२ मध्ये, आयातीमुळे नोकरी गेलेल्यांना भत्ता आणि नवं शिक्षण देणारी योजना अमेरिकेने कायद्यात घातली. २०२२ च्या जुलैपासून नव्या लोकांसाठी ती बंद पडली आहे, कारण तिला मुदतवाढ द्यायला तिथल्या संसदेला सवड झाली नाही. आपल्याकडे राज्य कामगार विमा महामंडळाची बेकारी भत्त्याची योजना आहे. ती विमा असलेल्यांपुरती, आणि विम्याची पगारमर्यादा महिना एकवीस हजार रुपये. हिंजवडीतला बहुतेक वर्ग त्या दारातूनच परत येईल.

तेव्हा पुढच्या सेलमध्ये खुशाल खरेदी करा, मीही करणार आहे. पण ज्या दिवशी कुणी नोकरी गेलेल्यांसाठी चार पैसे जादा कर मागेल, त्या दिवशी आपल्यातल्या गिऱ्हाइकाला घरी ठेवून नोकरदाराला मतदानाला पाठवा.