शून्य नेमके कोणत्या पायरीवर

आकड्यांना रेषा, स्तंभ किंवा वर्तुळ यांचे रूप देऊन त्यांतील कमीजास्तपणा एका नजरेत दिसेल अशी मांडणी करण्याच्या विद्येस अलीकडे डेटा व्हिज्युअलायझेशन असे भारदस्त नाव मिळाले असले, तरी शाळेत ती स्तंभालेख या साध्या नावाने येते आणि बहुतेकांच्या आयुष्यातून आलेख-कागदाबरोबरच निघून जाते. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने 1786 मध्ये व्यापाराचे आलेख प्रसिद्ध केले तेव्हा इतर देशांसाठी त्याने ऐटीत वर्षावर्षांच्या रेषा काढल्या. स्कॉटलंडचे मात्र एकाच वर्षाचे आकडे हाती असल्याने नाइलाजाने स्तंभ उभे केले आणि ते कमी उपयोगाचे असल्याची कबुलीही दिली. माहिती अपुरी पडल्यामुळे निघालेली ही पळवाट पुढे शाळाशाळांत पाठ्यक्रम म्हणून स्थिरावली.

मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली जेथे चालले, त्या वाईत व्याख्येवाचून पुढे न जाण्याची हौस हवेतच असावी. त्यामुळे विद्यार्थ्यांनी स्वतःच स्तंभ होऊन उभे राहण्याचा, म्हणजे मानवी स्तंभालेखाचा उपक्रम येथे वाटतो तितक्या सुखाने पार पडत नाही. प्रश्न निरुपद्रवी असतो: घरचा गणपती किती दिवसांचा? दीड, पाच, सात, दहा असे गट खडूने आखले, आणि जाड मुलामुळे स्तंभ उगाच उंच दिसू नये म्हणून एका मुलास एकच फरशी हा समान एककाचा नियम घातला, तरी गौरींबरोबर जाणारे गणपती आडवे येतात, कारण गौरींचे विसर्जन नक्षत्रावर ठरत असल्याने त्यांचे दिवस दर वर्षी तेच राहत नाहीत. घरी दीड आणि आजोळी पाच अशी दुहेरी भक्ती असलेली मुलगी दोन स्तंभांत एकेक पाय ठेवून उभी राहते, आणि गट परस्परांत मिसळू नयेत हे वर्गीकरणाचे मूलतत्त्व पुस्तकातील परिच्छेदापेक्षा तिच्या ताणलेल्या पायांवरून अधिक लवकर कळते. दहा दिवसांच्या रांगेतील मुले वर्गावर उपकार केल्यासारखी पाहू लागतात, आणि नुकताच दीड दिवसांच्या रांगेत उभा राहिलेला एखादा जिवलग मित्रासाठी कुळाचार बदलून तिकडे सरकतो. माहिती देणारा शेजाऱ्याकडे पाहून उत्तर देतो ही सर्वेक्षणाची जुनीच व्याधी असून तिच्यावर दरडावण्यापलीकडे औषध सापडलेले नाही.

प्रमाण, म्हणजे कागदावरील किती लांबीने प्रत्यक्षातील किती मोजायचे याचा ठराव, शिकवण्यास मात्र वाईइतके सोयीचे गाव विरळा. पसरणीचा घाट चढून जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरांवर असलेल्या महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि वाईला तो हजाराच्या आतच आटोपतो. डोंगराने ढग अडवून पलीकडच्या मुलखाला कोरडे ठेवावे, या प्रकारास पर्जन्यछाया म्हणतात. वहीत हे दोन्ही स्तंभ निमूटपणे मावतात. पण सुतळी घेऊन पाऊस आहे त्याच उंचीचा मोजला, तर वाईची सुतळी सातवीतल्या मुलाच्या पोटापाशी संपते आणि महाबळेश्वरची पहिल्या मजल्याचा कठडा ओलांडून वर जाते. अशा वेळी महाबळेश्वरात आजोळ असलेला विद्यार्थी, तो सर्व पाऊस जणू मामाने पाडला आहे, अशा तोऱ्यात कठड्याला टेकून उभा राहतो.

खरी पंचाईत कृष्णेच्या घाटावर होते. पायऱ्या ही उभ्या अक्षाची आयती सोय असल्याने पाण्याची पातळी रोज पायऱ्यांवरून मोजावी ही कल्पना कोणत्याही शिक्षकाला सुचेल. पण शून्य कोठे धरायचे? सर्वांत खालची पायरी गाळात, म्हणजे सर्व मोजमापाचा पायाच बुडालेला. शिवाय वाईत थेंब नसताना पाणी चढते, कारण वरच्या अंगाला असलेल्या धोम धरणातून विसर्ग झालेला असतो. मग गावचा पाऊस आणि नदीची पातळी यांचे आलेख शेजारी लावून कार्यकारणभाव शोधणाऱ्या हुशार विद्यार्थ्याची फजिती होते, आणि ती व्हावी हेच इष्ट.

एक गट बुडालेल्या पायऱ्या मोजतो, दुसरा उरलेल्या. ज्याला पुराची धास्ती आहे तो उरलेल्याच मोजणार, हे घाटाकाठच्या कोणालाही पटेल. तथापि पहिल्याची रेषा जेथे चढते तेथे दुसऱ्याची उतरते, दोन्ही बिनचूक असतात, आणि दोन्ही गट एकमेकांना खोटे ठरवण्यात उरलेला तास घालवतात. हा वाद अखेर शिपाईमामांच्या हातून मिटण्याचा संभव अधिक. कारण तपासणीच्या आदल्या संध्याकाळी घाईत टाचण्या मारताना त्यांनी दुसरा तक्ता उलटा लावला की वारांच्या क्रमाने वाचता दोन्ही रेषांचे चढउतार एकाच दिशेने होतात, सोमवार तेवढा उजव्या टोकाला गेलेला असतो.