निःपक्ष गुरुजी

प्रत्येक कॉलनीत एक माणूस असा असतो, की ज्याच्याबद्दल दोन्ही पॅनलचं एकमत असतं : हा आतून समोरच्यांचा आहे. लातुरातले आमचे गुरुजी असेच सर्वमान्य संशयित. नोकरी सगळी नांदेड जिल्ह्यात गेली, निवृत्तीनंतर इथं घर बांधलं. इलेक्शन ड्युटी रद्द व्हावी म्हणून बाकीचे मास्तर डॉक्टरचा दाखला जोडायचे. गुरुजी मात्र ऑर्डर यायला उशीर झाला तर तहसीलमध्ये चौकशीला जायचे. निवृत्तीनंतर ऑर्डर यायची बंद झाली, तेव्हा त्यांनी ड्युटी स्वतःच लावून घेतली.

ते मतदार यादी सांभाळणारे सरकारी बीएलओ नाहीत, त्या यादीवर नजर ठेवणारे कुठल्या पक्षाचे बीएलएही नाहीत. त्यामुळं कार्यकर्ते चक्रावतात. "मग गुरुजी, तुमी नेमके कोनाचे?" "मी यादीचा," गुरुजी सांगतात.

त्यांच्या पिशवीत तीन गठ्ठे कायम असतात : नाव घालायला नमुना ६, वगळायला नमुना ७, दुरुस्तीला नि पत्ता बदलायला नमुना ८. माणसाच्या आयुष्यातले सगळे संस्कार त्यांनी या तीन कागदांत बसवलेत. कुणाच्या पोराचा अठरावा वाढदिवस असला की केक कापायच्या आत नमुना ६ टेबलावर. लग्नात नवरी बोहल्यावरून उतरते न उतरते तोच, "पोरी, सासरच्या पत्त्याचा नमुना ८ भरला का?" आणि तेराव्याचं जेवण झालं की पान देतात तितक्या अदबीनं ते यजमानापुढं नमुना ७ सरकवतात. "आप्पा गेले, वाईट झालं. पण यादीत अजून जिवंत आहेत, ते बरं नाही."

त्यांचा खरा आखाडा म्हणजे ट्यूशन एरिया. डॉक्टर व्हायला आलेली चार जिल्ह्यांची पोरं संध्याकाळी क्लासमधून सुटतात, आणि गुरुजी त्यांना आडवे जातात. शिकायला बाहेर राहणाऱ्यानं गावी नाव ठेवावं किंवा इथं घालावं, पण दोन्हीकडं नको, हे ते प्रत्येकाला समजावतात. एकदा एका पोरानं फॉर्म उलटसुलट बघून विचारलं, "काका, ह्याला निगेटिव्ह मार्किंग आहे का?"

"आहे," गुरुजी म्हणाले, "पण निकाल कळायला पाच वर्षं लागतात."

वर इतिहासाचा तास फुकट. मतदानाचं वय एकविसाचं अठरा १९८९ साली झालं. बाभळगावचे साहेब, म्हणजे विलासराव देशमुख, १९९६ साली विधान परिषदेला अर्ध्या मतानं पडले. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ च्या विधानसभेला २७,५०० मतं घेऊन 'नोटा' दुसरा आला. नांदेडला २० नोव्हेंबर २०२४ रोजी लोकसभेची पोटनिवडणूक नि विधानसभा एकाच दिवशी झाली, तेव्हा गुरुजी जुन्या गावी जाऊन पारावर "दोन मशीन, दोन बटणं" शिकवत बसले होते. त्या लोकसभेचा निकाल १,४५७ मतांनी लागला, हेही ते सांगतात. कोण जिंकलं ते सांगत नाहीत. प्रचार होतो म्हणे!

अशा माणसाला लोक सोडतात होय? कॉलनीचं गणेश मंडळ, शिक्षकांची पतसंस्था, देवळाची कमिटी, जिथं जिथं मतपेटी तिथं गुरुजी. अडीचशेपर्यंत सभासदांच्या गृहनिर्माण संस्थांना आपली निवडणूक आपण घ्यायची मुभा २०१९ पासून मिळाली, तसा त्यांचा धंदा वाढला. धंदा म्हणजे बिनपगारी, उलट पेट्रोल घरचं.

मोजणीच्या दिवशी दोन्ही पॅनल चहा पाठवतात. गुरुजी दोघांचाही घेतात. अर्धा कप याचा, अर्धा कप त्याचा, कप डोळ्यासमोर धरून पातळी बघून. बिस्किटं विषम संख्येत आली तर एक परत जातं.

एकदा आमच्या कॉलनीत अध्यक्षपदाला दोघांना सारखी मतं पडली. नियमानं चिठ्ठी काढायची. पण काढणार कोण? कॉलनीतलं प्रत्येक लेकरू कुणा ना कुणा मतदाराचं. शेवटी दूधवाल्याचा पोरगा धरून आणला. गुरुजींनी त्याचे खिसे तपासले, चॉकलेट निघालं नाही. मग दूधवाल्याला विचारलं, "रतीब कोणाकडं घालूलालाव?" "दोगाइकडं बी घालूलालो." "पाणी?" "ते बी दोगाइकडं सारकंच." पोरगा मंजूर झाला. चिठ्ठी निघाली. हरलेले म्हणाले, गुरुजींनी डबा जास्त हलवला. जिंकलेले म्हणाले, मोजणी सरळ असती तर चिठ्ठीची पाळीच आली नसती. दोन्हीकडच्या तक्रारी गुरुजींनी इतिवृत्तात सारख्याच ओळींत लिहून घेतल्या.

घरीही तेच. मत कुणाला दिलं हे त्यांनी काकूंना आजवर सांगितलेलं नाही. "मी बी इचारत नाही," काकू म्हणतात, "आन् मी बी सांगत नाही. पन भाजी कोन्ती करायची ह्याचं मतदान मी घरात होऊ देत नाही." तिथं काकू बिनविरोध आहेत.

गुरुजी तापदायक आहेत, यात शंका नाही. पण त्यांनी घेतलेल्या निवडणुकीनंतर हरलेला माणूस गुरुजींना शिव्या देतो, कोर्टात जात नाही. दोन्ही बाजूंनी सारख्या शिव्या पडणं हीच निःपक्षपणाची पक्की पावती, आणि ती आमच्या भागात फार थोड्यांकडे आहे.

तेव्हा वाचकहो, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, यांपैकी ज्या तारखेपर्यंत तुमच्या पोराला अठरा पूर्ण होत असतील, त्या तारखेसाठी त्याचा नमुना ६ भरा. सतरा पूर्ण झालेल्याला आगाऊही भरता येतो. ऑनलाइन सोय आहे, पैसे पडत नाहीत. गुरुजींना टाळायचा कायदेशीर मार्ग एवढाच आहे.