35 गुण इस्त्रीचे

सार्वजनिक माणसावर लोकांचा विश्वास किती, हे मोजायची शास्त्रोक्त पट्टी असते, हे आमच्या वॉर्डातल्या भाऊंना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. नाहीतर तिचे गुण एव्हाना चौकात लागले असते.

रूबिना ओहानियन यांनी 1990 मध्ये ही पट्टी मांडली, जाहिरातींत झळकणाऱ्या प्रसिद्ध चेहऱ्यांसाठी. विशेषणांच्या 15 जोड्या, प्रत्येकीला 1 ते 7 गुण. पाच जोड्या जाणकारीच्या, पाच भरवशाच्या. उरलेल्या पाच? दिसण्याच्या! माणूस देखणा आहे का, डौलदार आहे का, इतकंच काय, मादक आहे का, हेसुद्धा.

म्हणजे 105 पैकी 35 गुण इस्त्रीवाल्याच्या हातात. आमच्या फ्लेक्सवाल्यांना हे एकही शोधनिबंध न वाचता कळलं होतं. पांढराशुभ्र सदरा, काळा गॉगल, कानाला मोबाईल आणि गालावरचे खड्डे संगणकावर बुजवलेले. (रस्त्यावरचे आहेत तिथेच.) जाणकारीच्या रकान्यात ‘कार्यसम्राट’. भरवशाच्या रकान्यात शुभेच्छुकांचे पोस्टाच्या तिकिटाएवढे फोटो.

पण खरी गंमत त्याआधीची. येल विद्यापीठातल्या कार्ल हॉवलंड आणि वॉल्टर वाइस यांनी 1951 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी बांधता येईल का, यावरचा लेख काही विद्यार्थ्यांना अणुशास्त्रज्ञ ओपेनहायमरच्या नावावर दिला, काहींना रशियाच्या ‘प्रावदा’ या वृत्तपत्राच्या. असेच आणखी तीन विषय घेतले. सुरुवातीला वजनदार नावांचं जास्त पटलं, हे ओघानं आलंच. चार आठवड्यांनी मात्र हा फरक जवळपास पुसला गेला होता. मजकूर डोक्यात राहिला, सांगणारा गळाला. पुढे 1954 मध्ये तशी पाणबुडी खरोखरच पाण्यात उतरली. आणि त्याच वर्षी ओपेनहायमर भरवशाचा नाही म्हणून अमेरिकी सरकारनं त्याचा सुरक्षा परवाना काढून घेतला.

आमच्याकडे चार आठवडे म्हणजे चैन झाली. परवापर्यंत ज्यांच्या घोटाळ्याच्या फायली नाचवत भाऊ पत्रकार परिषदा घेत होते, त्यांच्याच हातून काल त्यांनी शाल-श्रीफळ घेतलं. लोकांना घोटाळा आठवतो, पण तो बाहेर कुणी काढला ते आठवत नाही. एका वार्ताहरानं धीर करून विचारलंच, ‘‘भाऊ, त्या आरोपांचं काय?’’

‘‘ते विरोधकांनी केलेले होते,’’ भाऊ म्हणाले.

तेव्हा विरोधक भाऊच होते. त्यामुळे खोटं बोलले असंही म्हणता येत नाही.