शांत गावात घर घेणे आहे

पन्नाशी उलटलेल्या डोंबिवलीकराला दोन आकडे तोंडपाठ असतात: स्वतःची साखर आणि कोकणातला गुंठ्याचा भाव. दोन्ही सारखे वाढत असतात आणि दोन्हींवर तो सकाळच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या तावातावाने बोलतो. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. हे एकदा कळलं की आपण आयुष्यभर ज्याचे हप्ते फेडले तो फ्लॅट जेमतेम अर्ध्या गुंठ्याचा आहे, हेही कळतं. त्यानंतर माणूस फार दिवस डोंबिवलीत धड राहत नाही.

माझंही तेच झालं आणि मी कोकणात घर शोधू लागलो. आमच्या एजंटाने तर जागा दाखवायच्या आधीच सांगितलं होतं, "गाव एकदम शांत. गाडीचो आवाज नाय, माणसाचो आवाज नाय." मालवण तालुक्यातलं गाव, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी, मागे परडं, कडेला मांगर आणि विहीर. बायकोने विहिरीत डोकावून पाहिलं आणि मी बायकोच्या चेहऱ्याकडे. सौदा तिथेच झाल्यात जमा होता.

पण कोकणात सौदा होणं आणि जमीन होणं यांत कूळकायदा उभा असतो. 1948 चा. त्यातल्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. माझ्या घराण्यात चार पिढ्या मास्तर आणि कारकून. तुळशीला पाणी घालणं हा आमचा शेतीशी आलेला एकमेव संबंध, आणि तेही मोलकरीण घालते. एजंट म्हणाला, "मगे वयनींचा बघूया." बघितलं, तर बायको शेतकरी निघाली! कोरेगाव तालुक्यात सासऱ्यांच्या माघारी सातबाऱ्यावर तीन भावांच्या खाली तिचंही नाव चढलेलं होतं. वास्तविक ऊस तिने रसवंतीच्या ग्लासातच पाहिलेला. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क मिळाला. त्याचा असा रोख फायदा जावयाला होईल, हे संसदेत कुणाच्या मनात आलं नसेल. तिचा शेतकरी दाखला निघाला, खरेदीखत तिच्या नावाने करायचं ठरलं, आणि तेव्हापासून गावात मी 'वयनींचे मिस्टर' झालो. अजून आहे.

आता विकणाऱ्यांकडे वळू. सातबारा सामाईक होता आणि त्यावर अडतीस नावं होती. त्यांतली काही लालबाग-परळला, काही विरारला, एक बडोद्याला आणि बरीचशी वर. वर गेलेल्यांची वारसनोंद कुणी केलेली नव्हती. कारण ती करायची म्हणजे भावकीत कोण कुणाचा कोण, हे एकदा बसून ठरवावं लागलं असतं, आणि ते टाळूनच ते घराणं इतकी वर्षं एकमेकांशी न बोलता गुण्यागोविंदाने राहिलं होतं. इतके हिस्सेदार एका जागी आणि तेही प्रसन्न मनाने भेटण्याचा योग कोकणात वर्षातून एकदाच येतो: गणपतीत. त्यामुळे आमची बोलणी आरत्यांच्या मधल्या फटीत झाली. सुखकर्ता संपली की भाव वीस हजारांनी चढायचा, मंत्रपुष्पांजली झाली की पुन्हा उतरायचा. उकडीच्या मोदकांनी शेवटी तोडगा काढला असं माझं मत आहे, कारण तोंडात मोदक असताना कोकणी माणूससुद्धा भाऊबंदाला उत्तर देऊ शकत नाही. बडोदेकरांनी पुढे कुलमुखत्यारपत्र पाठवलं आणि वारसनोंदींनी तलाठ्याला अनेक महिने काम पुरवलं.

एका काकांनी मात्र सही करताना अट घातली: घर तुमचं, जमीन तुमची, परड्यातला फणस माझा. मला हा विनोद वाटला. पण कोकणात जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं असू शकतं. सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात तशी नोंदही सापडते. काका दर मे महिन्यात फणसासाठी येतात. फणस पिकायला वेळ लागतो. तोवर ते आमच्याकडेच राहतात. फणस कापा आहे आणि उत्तम आहे, असं ते सांगतात.

घरात शिरण्याआधी राखणदाराला सांगणं भाग होतं. गावातल्या एका जाणत्या मानकऱ्याने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आजूबाजूची दहा-पंधरा मंडळी हात जोडून उभी.

"बा देवा म्हाराजा! मुंबैसून इलेल्या ह्या लेकरांका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हेंच्या मोजणीत कायव खोट ऱ्हवली असात तर ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पूर्वेच्या गडग्यार कोणाची वायट नजर असात तर ती परती फिरव रे म्हाराजा!"

इथे पूर्वेकडचे शेजारी गप्प राहिले. भूमी अभिलेखच्या मोजणीत जे निघालं नव्हतं ते देवासमोर एका ओळीत निघालं, तेही बिनखर्चाचं. नारळाचे तेवढे तीस रुपये.

तर शांतता. पहाटे साडेपाचला वस्तीची एसटी इंजिन तापवते. तिच्याआधी कोंबडा. कार्तिकात त्याच्याही आधी देवळाच्या कर्ण्यावर काकड आरती. सात वाजता मासेवाल्याचा भोंगा. तो मिसरूड फुटलेला मुलगा आमच्या फाटकाशी जास्तच वाजवतो, कारण शहरातली माणसं भाव करत नाहीत हे त्याला कळलेलं आहे. दुपारी कौलांवर वानरांची टोळी येते आणि सभा घेते. सभा आटोपली की आम्ही फुटकी कौलं मोजतो. जत्रेच्या दिवसांत रात्रभर दशावतार, मृदंग, झांजा आणि उजाडेपर्यंत राक्षसवध. पावसाळ्याच्या रात्रींचं बोलायलाच नको. सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातल्या प्रत्येक मिलिमीटरमागे एक बेडूक असावा. लाईट गेली की त्यांचा आवाज दुप्पट होतो.

आवाजाची माणसाला सवय होते. चौकश्यांची व्हायला वेळ लागतो. "काल साडेअकरापर्यंत दिवो जळत होतो, बरा नाय काय?" हे पलीकडच्या काकी गडग्यावरून विचारतात. मी तिठ्यावर सुरमईचा भाव विचारून बांगडे घेऊन परततो, तर ती बातमी माझ्याआधी घरी पोचलेली असते, सुरमईच्या भावासकट. डोंबिवलीत समोरच्या दारामागे कोण राहतं हे मला वीस वर्षांत कळलं नाही आणि त्यांना मी कळलो नाही; याला शांतता म्हणतात हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. इथे बायकोला ताप आला त्या संध्याकाळी ओट्यावर पेजेची तीन भांडी आली. तिन्ही रिकामी परत करायची नसतात, हेही सांगायला एक काकी आल्या. मग भांड्यांत काय घालायचं यावर त्यांनी आणि बायकोने तासभर खल केला. ताप तेवढ्यात उतरला.

खरोखरीची, संपूर्ण शांतता मालवण तालुक्यातच मिळते, पण आमच्या गावात नाही. ती आचऱ्यात मिळते. तिथे दर काही वर्षांनी गावपळण असते: देवाचा कौल झाला की सगळा गाव गुरं, कुत्री, कोंबड्या घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. घरांना कड्या, चुलींत राख, गावात चिटपाखरू नाही. कोंबडा नाही, काकी नाही. असं गाव शोधणाऱ्या शहरवाल्यांनी आचऱ्यात अवश्य घर घ्यावं. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की शेतकरी दाखला असो वा नसो, त्या तीन दिवसांत तुम्हालाही वेशीबाहेरच राहावं लागेल, आणि राहुटी काकींच्या राहुटीला लागून असेल.