वेड्या आईबापांची बाजू

शहाण्या आईबापांचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या मुलांना पाचव्या वर्षी अबॅकस येतं, सहाव्या वर्षी स्केटिंग येतं आणि दिवाळीच्या सुट्टीत कुठल्या शिबिराला घालायचं हे गणपतीतच ठरलेलं असतं. मला बाजू घ्यायची आहे ती वेड्या आईबापांची. जे मुलांबरोबर उघड उघड वेळ वाया घालवतात, एकच बिनकामाची गोष्ट दरवर्षी त्याच दिवशी त्याच पद्धतीनं करतात, आणि ‘यातून मुलांना काय मिळणार?’ असं विचारलं तर ज्यांना उत्तर देता येत नाही, त्यांची. माझं माहेर सांगली, सासर सातारा. दोन्हीकडे असे वेडे मी जवळून पाहिले आहेत. पदरात दोन लहान मुलं आल्यापासून तर माझी खात्रीच झाली आहे की मुलं वाढवायला याच वेडाची गरज असते.

दिवाळीचा किल्ला घ्या. साताऱ्यात अजिंक्यतारा डोक्यावर उभा आहे. घराच्या दारात आणखी एक हातभर उंचीचा किल्ला कशाला, असं कुणीही विचारेल. शिवाय प्लास्टरचा तयार किल्ला बाजारात मिळतो. आणला, ठेवला, मावळे मांडले, झालं. वेडी माणसं मात्र वसुबारसेच्या कितीतरी आधीपासून फुटक्या विटा, दगडगोटे, मोडकी कौलं गोळा करत असतात. त्यांचा ढीग रचायचा, त्यावर पाण्यात भिजवलेलं गोणपाट अंथरायचं, माती चाळून कालवायची आणि वरून लिंपायची. आमच्या धाकटीनं पहिला बुरूज केला तो संध्याकाळपर्यंत बसला. दुसराही बसला. तिसऱ्या वेळी तिनं मातीत पाणी कमी घातलं, आत दगड जरा मोठा लावला, आणि तो उभा राहिला. यातलं काहीही तिला कुणी शिकवलं नव्हतं. थोरला सांगायला पुढे सरसावला होता, तर सासूबाईंनी त्यालाच अडवलं, “करू दे की रे तिचं तिला!”

तटाच्या कडेनं आळीव आणि मोहरी पेरायची. मग रोज सकाळी दात घासायच्या आधी ओसरीवर जाऊन बघायचं, उगवलंय का. धाकटीनं इतकं पाणी घातलं की निम्मं बी वाहून तळ्यात गेलं; तळं म्हणजे कासचं, असं तिनं सगळ्या गल्लीला बजावलं आहे. तिच्या किल्ल्यावर हिरकणीचा बुरूजही आहे, प्रतापगडाचा पायथाही आहे आणि शेजारी कासची फुलंही आहेत. इतिहास-भूगोल दुरुस्त करायला पुढे आयुष्य पडलंय. शेजारचे काका चपला काढून उकिडवे बसले, त्यांनी चोरवाट कुठून कुठे जाते ते विचारलं, आणि ती सांगत असताना मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. चार वर्षांच्या मुलीचं म्हणणं मोठ्या माणसानं इतका वेळ ऐकून घ्यावं, याहून मोठी दिवाळी मला माहीत नाही.

हादग्याचंही असंच. सप्टेंबर संपता संपता हस्त नक्षत्र लागतं, आणि पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरायचे दिवस येतात. जुना रिवाज असा की पहिल्या दिवशी एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. आता बहुतेक घरी एकाच दिवसाचा हादगा होतो, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. खरी गंमत गाण्यांनंतरची, खिरापत ओळखायची. झाकण घट्ट लावलेला डबा मध्ये ठेवायचा. मुली तो कानाशी नेऊन हलवतात, झाकणाच्या फटीला नाक लावतात, विचारतात, गोड की तिखट, भाजलेलं की तळलेलं, ओलं की कोरडं. सांगलीत आमच्या वाड्यात एक आजी होत्या. त्या डाळिंबाचे दाणे आणि ओल्या खोबऱ्याचे काप एकत्र करून डबा भरायच्या. आवाज होत नसे, वासही येत नसे. सगळी वाडाभर पोरं हरत, आणि आजींचा चेहरा असा खुलायचा की त्यासाठी आम्ही मुद्दाम हरायलाही तयार असू. आता आमच्याकडे मुलगेही फेर धरतात. थोरल्याला हत्ती काढायचा मान हवा असतो. तो देऊन टाकावा. ज्या रीतीत मुलाला स्वतःचं असं एक काम मिळतं ती रीत मूल सोडत नाही, आणि जिच्यात नवे कपडे घालून फोटोपुरतं उभं राहायचं असतं ती पुढच्या वर्षी त्याच्या लक्षातही नसते. म्हणून मुलांनी बिघडवलं तरी चालेल, पण काम मुलांच्या हातात द्यावं या मताची मी आहे.

एका अख्ख्या गावाला असं वेड लागलं, त्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरल्या, शाळा उघडल्या तरी मोबाइल मुलांच्या हातातच राहिले. घराघरांतली हीच तक्रार. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, गावातल्या बायकांच्या सभेत विषय निघाला आणि गावानं ठरवलं. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजणार, आणि साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. हे टिकेल का, अशी शंका सुरुवातीला गावातही होती. मग लक्ष ठेवायला वॉर्डावॉर्डांत समित्या केल्या. पुढे बातमी देशभर गेली, परदेशातल्या वाहिन्यांवरही झळकली.

बातम्यांमध्ये भर होता तो मोबाइल सुटण्यावर. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. एकट्या पोराला ‘फोन ठेव’ म्हणणं ही त्याला शिक्षा वाटते, विशेषतः सांगणाऱ्याच्याच हातात फोन असताना. भोंगा वाजल्यावर बापानंही ठेवला, आत्यानंही ठेवला, शेजाऱ्यानंही ठेवला, तर तो गावचा रिवाज होतो. शिवाय वेळ ठरलेली. लहान मुलांना ठरलेल्या वेळेचा फार मोठा आधार असतो. सात वाजले की आपली माणसं आपली असतात, एवढं माहीत असलं की मूल दिवसभर कुणाचा पदर ओढत बसत नाही. दीड तास गप्पांत घालवून वडगावकरांनी काय कमावलं, याचा हिशेब कुणी मागू नये. कढीला फोडणी पडताना पोरानं शाळेतलं भांडण सांगितलं आणि ते कुणीतरी पुरतं ऐकलं, हे कुठल्या गुणपत्रिकेत यायचं?

सुट्टीत आम्ही साताऱ्याहून सांगलीला आजोळी जातो ते शक्यतो पॅसेंजरनं. गाडी काढली तर हमरस्त्यानं कऱ्हाड, पेठ नाका करत लवकर पोचता येतं. पण रेल्वेनं गेलं की कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर, पुढे ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी अशी स्टेशनं येतात, आणि मुलांना ती पाठ आहेत. एखादं चुकलं तर गाडी पुढे जाणारच नाही अशा गांभीर्यानं म्हणतात. क्रॉसिंगला गाडी थांबली तर मला त्याचा आनंदच होतो. उसाचा तुरा बघायला तेवढाच वेळ मिळतो.

सांगलीत पावसाळ्यात आजोबा नातवंडांना पाणी बघायला नेतात. सांगलीकराला हे समजावून सांगावं लागणार नाही. १९२९ सालचा आयर्विन पूल, त्यावर रेललेली माणसं, आणि ‘किती फूट झालं?’ हा एकच प्रश्न. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे आमच्याकडे पाढ्यांच्या आधी पाठ होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा निम्मी सांगली पाण्यात होती, आणि त्या आठवणीनं अजून छातीत धस्स होतं. तेव्हा नदी ही काही सहलीची जागा नाही. पाणी चढत असताना कुणी मुलांना पुलावर नेऊ नये, आजोबाही नेत नाहीत. पण एरवी त्यांचं बोट धरून नदीकडे बघायची ही सवय मला मोलाची वाटते. साताऱ्यात सतत पाऊस लागला की आता थोरला मला विचारतो, “आई, आपल्याकडचा पाऊस आजोबांकडे कधी पोचणार?” वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, कऱ्हाडला कोयना येऊन मिळते, आणि ते सगळं पाणी सांगलीला जातं, हे त्याला असं कळलं आहे.

या सगळ्यात एक धोका मात्र आहे. रीती घराच्या असतात, पण त्यांचं ओझं बहुतेक वेळा एकट्या आईच्या डोक्यावर येतं. खिरापत तिनं करायची, माती तिनं झाडायची, शिवाय हसतमुखही तिनंच राहायचं. असा सण मुलांच्या लक्षात राहतो तो आईच्या दमलेल्या चेहऱ्यासकट. आमच्याकडे रविवारच्या भडंगाची फोडणी नवऱ्याची, लसूण ठेचायचा तो सासऱ्यांनी, आणि चुरमुरे कालवायचे ते मुलांनी, मोठ्या पातेल्यात, कोपरापर्यंत हात घालून. चुरमुरे फरशीवर सांडतात, ते ज्यानं सांडले त्यानं भरायचे. मी त्या वेळी खुर्चीवर बसते, आणि ते मला अतिशय योग्य वाटतं.

वेडेपणाचा विषय साताऱ्यात निघाला की लक्ष्मीबाई पाटलांचं नाव घ्यावंच लागतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहणार, एकत्र रांधणार, एका पंगतीत जेवणार, ही त्या काळातली विलक्षण गोष्ट. कर्मठ घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी त्या मुलांचं आईपण घेतलं. हाताशी पैसा नसताना मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही दिलं. शहाण्या नातेवाइकांनी त्यांना काय म्हटलं असेल याची कल्पना आपण करू शकतो. १९३० मध्ये त्या गेल्या. लोक भाऊरावांच्या कामाबद्दल बोलतात तेव्हा शाळांची संख्या सांगतात. मला त्या पंगतीचं मोल अधिक वाटतं. रोज, त्याच वेळी, शेजारी कोण बसलंय याचा विचार न करता मुलं जेवली, आणि तीच त्यांची रीत झाली.

आपल्याला दागिने विकायचे नाहीत. आपल्याकडून मागणी आहे ती संध्याकाळच्या तास-दीड तासाची, आणि तीही मनापासून दिली तरच उपयोगाची. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी दोन ते दहा वर्षांची मुलं आहेत त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. नव्या चार रीती एकदम सुरू करू नका. एकच निवडा, तुमच्या घराला झेपेल अशी, आणि तिच्यातलं निम्मं काम मुलांना द्या. तुमच्या गावात भोंगा नसेल. सात मात्र तुमच्याकडेही वाजतात. आजपासूनच सुरू करा.